इंग्लंडमध्ये शिकवायला जाताय? बॅगेआधी वर्गाची तयारी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कोथरूडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवता. इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत नोकरी पक्की झाली आहे आणि ऑगस्टच्या शेवटी निघायचंय. यजमान आणि सात वर्षांची मुलगी बरोबरच न्यावीत की मागाहून बोलवावीत, हे ठरत नाहीये. आणि कल्चर शॉकबद्दल, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या धक्क्याबद्दल, इतकं ऐकलंय की तयारी नेमकी कशाची करायची तेच कळेनासं झालंय. मी पुण्यात शिकवलं, मग इंग्लंडच्या सरकारी शाळांत बरीच वर्षं काढली, आणि आता परदेशी निघालेल्या शिक्षकांची तयारी करून घेते. २०२३ च्या फेब्रुवारीपासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना इंग्लंडच्या क्यूटीएससाठी, म्हणजे तिथल्या शिक्षक-पात्रतेसाठी, थेट अर्ज करता येऊ लागला. तेव्हापासून माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न तुमच्यासारखेच असतात.

ज्या धक्क्याची सगळे भीती घालतात तो फारसा बसत नाही. थंडी, मसाले, कुकरची शिट्टी, बसचं तिकीट हे सगळं दोन-तीन आठवड्यांत अंगवळणी पडतं. मिडलंड्समध्ये तर गुजराती आणि पंजाबी कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहतायत. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर कढीपत्ताही मिळतो आणि तांदळाचं पीठही. त्यामुळे बॅगेतली निम्मी जागा खाण्यापिण्याला देऊ नका.

खरा धक्का बसतो वर्गात. पुण्यात तुम्ही वर्गात पाऊल टाकता तेव्हा मुलं उभी राहतात. तुम्ही रागावलात तर पालक तुमच्याच बाजूने बोलतात. गणिताच्या बाई म्हटलं की सोसायटीतही मान असतो. यातलं काहीच तुम्ही मागितलेलं नाही. शिक्षक म्हणून ते पदरात पडलेलं आहे आणि इतकी वर्षं त्याच्या आधारावर तुमचं शिकवणं उभं आहे. इंग्लंडमध्ये हा आधार पहिल्या दिवशी नसतो. तिथली मुलं वाईट नसतात, पण शिक्षकाला मान द्यायचा की नाही हे ती शिक्षकाला काही आठवडे पाहून ठरवतात. हे आधी माहीत नसेल तर माणूस आतून हलतो. बारा-पंधरा वर्षं उत्तम शिकवलेल्या शिक्षिका ‘मला शिकवताच येत नाही बहुतेक’ असं फोनवर बोलायला लागतात. म्हणून मनाची तयारी करायची ती याची, आणि तिचा बराचसा भाग पुण्यात बसून करता येतो.

एक तारीख आत्ताच लक्षात ठेवा. इंग्लंडमधलं शैक्षणिक वर्ष सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास सुरू होतं. म्हणजे ५ सप्टेंबर तुमच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत येणार. सकाळी उठाल तेव्हा मोबाइलवर जुन्या विद्यार्थ्यांचे ‘हॅपी टीचर्स डे मॅम’ असे मेसेज येऊन पडलेले असतील, आणि तासाभरात तुम्ही अशा वर्गात उभ्या असाल जिथे मागच्या बाकावरच्या मुलाने अजून जॅकेटही काढलेलं नाही. ते मेसेज शाळेत जाण्याआधी वाचू नका, संध्याकाळी घरी आल्यावर वाचा. सांगायला क्षुल्लक वाटतं, पण त्या एका सकाळने खचलेल्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत.

आता कल्चर शॉकच्या शास्त्राविषयी थोडं, कारण तुम्ही त्याच्या ‘चार टप्प्यांबद्दल’ही विचारलंय. कल्चर शॉक हा शब्दप्रयोग रूढ केला तो कालेर्व्हो ओबेर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने. १९५४ मध्ये रिओ द जानेरो इथे त्याने त्यावर व्याख्यान दिलं होतं. रोजच्या वागण्यातल्या ओळखीच्या खुणा एकाएकी नाहीशा झाल्या की ही घालमेल सुरू होते, असं त्याचं म्हणणं. आधी नवलाई, मग वैताग, मग सावरणं, मग रुळणं हे टप्पे त्याचेच. पुढच्याच वर्षी स्वेरे लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांशी बोलून, माणसाची मनःस्थिती आधी वर, मग खाली आणि पुन्हा वर जाते असं मांडलं. नंतरच्या संशोधनात मात्र अनेकांना अगदी सुरुवातीचेच दिवस सर्वांत जड गेल्याचं दिसलं. त्यामुळे हा आलेख भिंतीवर लावून आपण कुठल्या टप्प्यावर आहोत ते रोज बघत बसू नका. माझ्या पाहण्यात शिक्षकांचा सर्वांत कठीण काळ नोव्हेंबरमध्ये येतो. त्याची कारणं पुढे सांगते.

आधी शिस्तीचं. पुण्यात आपण आवाज चढवतो, नावानिशी झापतो, ‘बाहेर उभा राहा’ म्हणतो आणि वर्ग शांत होतो. तिथे आवाज चढवला की वर्गाला करमणूक मिळते. तिथल्या शाळेत शिस्त चालते ती ठरवून दिलेल्या पायऱ्यांनी. आधी इशारा, मग जागा बदलणं, मग डिटेन्शन म्हणजे शिक्षा म्हणून थांबवून ठेवणं, मग वरिष्ठांना बोलावणं. पायऱ्यांची नावं शाळेशाळेत वेगळी असतात. आणि तुमच्या सोयीची गोष्ट अशी की तिथल्या सरकारी शाळांना आपलं वर्तनविषयक धोरण, ज्याला ते बिहेवियर पॉलिसी म्हणतात, शाळेच्या वेबसाइटवर ठेवावं लागतं. आज रात्रीच ते डाउनलोड करा आणि पाठ करा, अगदी पाढ्यांसारखं. कारण नवव्या इयत्तेच्या शेवटच्या तासाला, मुलं दमलेली असताना, कुठल्या पायरीनंतर कुठली हे आठवत बसायला वेळ नसतो.

नुसतं वाचून भागत नाही, तोंडाला सवय हवी. आरशासमोर उभं राहून मोठ्याने बोला. दारात उभं राहून प्रत्येक मुलाला गुड मॉर्निंग म्हणणं. मुलं आत येतात तेव्हा फळ्यावर पाच मिनिटांचं काम आधीच लिहिलेलं असणं. ‘ही पहिली वॉर्निंग आहे’ हे वाक्य सपाट, हळू आवाजात, रागाचा लवलेश न आणता म्हणणं, आणि म्हणून झालं की त्या मुलाकडे टक लावून न बघता लगेच पुढच्या गणिताकडे वळणं. हे शेवटचं आपल्याला सर्वांत अवघड जातं. आपली सवय अशी की मूल खाली मान घालेपर्यंत आपण बघत राहतो. माझ्याकडे येणाऱ्या शिक्षकांना मी सोसायटीतली चौदा-पंधरा वर्षांची मुलं गोळा करायला सांगते. त्यांना बडबडायला, पेन वाजवायला, ‘धिस इज बोअरिंग’ म्हणायला मोकळीक द्या आणि त्यांच्यासमोर वीस मिनिटं शिकवा. मुलं आनंदाने येतात, आणि तुमच्या घशाला आवाज न चढवण्याची सवय लागते.

मुलांच्या सडेतोड बोलण्याचा अर्थही नीट लावायला हवा. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या पुण्याच्या एका शिक्षिकेचा तास मी मागे बसून पाहत होते. ओहमचा नियम झाला, तिने उदाहरण सोडवलं, आणि दुसऱ्या रांगेतली एक मुलगी हात वर न करताच म्हणाली, ‘मिस, आय डोन्ट गेट इट, यू आर गोइंग टू फास्ट.’ शिक्षिकेचा चेहरा पडला. तिने ‘लक्ष दिलं असतंस तर कळलं असतं’ अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि पुढे गेली. ती मुलगी उरलेला तास वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढत बसली. तासानंतर मी त्या शिक्षिकेला सांगितलं की आज वर्गात सर्वांत जास्त लक्ष त्या मुलीचं होतं. तिच्यासारख्या मुलांना वाटतं की समजलं नाही हे सांगणं आपला हक्क आहे आणि पुन्हा समजावणं हे शिक्षकाचं काम आहे. पुढच्या आठवड्यात त्या शिक्षिकेने तिला दोन मिनिटं शेजारी बसून समजावलं, आणि नंतर तीच मुलगी इतरांना गप्प करायला लागली. उद्धटपणा आणि मदतीची मागणी यांत फरक करायला शिकणं, एवढं एक साधलं तरी निम्मा धक्का हलका होतो.

तुमचा विषय गणित, म्हणून काही नेमक्या गोष्टी. जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी तिथली परीक्षा, तिच्यात गणिताच्या तीन प्रश्नपत्रिका असतात. एक्यूए आणि एडेक्सेल या दोन्ही परीक्षा मंडळांत त्या प्रत्येकी ८० गुणांच्या, दीड तासाच्या, आणि त्यांतली फक्त पहिली कॅल्क्युलेटरशिवाय. मुलं फाउंडेशन आणि हायर अशा दोन स्तरांत बसतात. फाउंडेशनला जास्तीत जास्त ५ ग्रेड मिळते, हायरला ९ पर्यंत. जुन्या प्रश्नपत्रिका आणि गुणदानाच्या सूचना मंडळांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. किमान पाच वर्षांच्या सोडवा, आणि हायरपेक्षा फाउंडेशनच्या जास्त सोडवा, कारण नव्या शिक्षकाला बहुधा तेच वर्ग मिळतात. तिथे पाढे बारापर्यंत. इयर फोरमध्ये, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची, त्यावर तपासणी होते. तीसपर्यंत पाढे घोकलेल्या आपल्याला चौदा वर्षांच्या मुलाने सात आठे छप्पनसाठी कॅल्क्युलेटर उचलला की धसका बसतो. तो चेहऱ्यावर दिसू देऊ नका. त्या मुलाला आधीच गणिताची लाज वाटत असते आणि तुमच्या भुवया उंचावल्या की तो तुमच्यासाठी कायमचा बंद होतो. फळ्यावर एक लाख लिहिताना स्वल्पविराम हजारांच्या गटाने द्या, १००,००० असा. आणि गुणाकाराला ‘इन्टू’ म्हणायची सवय आत्ताच मोडा, ‘टाइम्स’ म्हणा; तिथे ‘टू इन्टू सिक्स’ म्हटलं की मुलं भागाकार करतात. वर्गात गुण मोठ्याने वाचून दाखवणं, पहिल्या तिघांसाठी टाळ्या वाजवून घेणं, हेही तिथे चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, ज्याची आपल्याकडे तयारीच होत नाही: मुलांची सुरक्षितता, ज्याला तिथे सेफगार्डिंग म्हणतात. छडीबद्दल मी बोलत नाहीये. ती आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे. मी बोलतेय ते आपल्या मायेच्या सवयींबद्दल. चांगलं उत्तर दिलं की पाठीवर थाप, रडणाऱ्या मुलीला जवळ घेणं, उशीर झाला तर मुलाला गाडीवरून घरी सोडणं, पालकांना स्वतःचा मोबाइल नंबर देणं, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप, सहलीचे फोटो आपल्या फोनमध्ये. पुण्यात ही चांगल्या शिक्षकाची लक्षणं. इंग्लंडमध्ये यातल्या बहुतेक गोष्टींबद्दल तुमची चौकशी होऊ शकते, आणि चौकशी करणाऱ्याच्या मनात तुमच्याविषयी कुठलाही आकस नसतो. मुलांच्या बाबतीत तिथे जे घडून गेलंय त्यातून हे नियम आलेत आणि ते योग्य आहेत, असं माझं ठाम मत आहे.

‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ हे सरकारी मार्गदर्शन इंटरनेटवर मोफत आहे. त्याचा पहिला भाग मुलांबरोबर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी वाचावा लागतो. तुम्ही तो विमानात बसण्याआधी वाचा. प्रत्येक शाळेत डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीड म्हणून एक जबाबदार व्यक्ती असते. पहिल्या दिवशी तिचं नाव, खोली आणि एक्स्टेन्शन नंबर लिहून घ्या. एखादं मूल तुमच्याकडे येऊन म्हणालं, ‘मिस, एक सांगू का, पण कुणाला सांगायचं नाही’, तर ‘नाही सांगणार’ असं वचन कधीच द्यायचं नाही. ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही, मुलाने जे शब्द वापरले तेच लिहून काढायचे आणि त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, त्या व्यक्तीपर्यंत पोचवायचं. आपल्या मनाला हे विश्वासघातासारखं वाटतं. ‘आधी आईशी बोलून बघते’ असं वाटतं. तसं करायचं नाही. ही एक गोष्ट मी माझ्या शिक्षकांकडून पुन्हा पुन्हा घोकून घेते, कारण इथे चुकलं तर मुलाचं नुकसान होतं. एकट्या मुलाशी बोलायचं असेल तर दार उघडं ठेवा किंवा काचेतून दिसेल अशा जागी बसा. आणि रुजू झाल्या झाल्या शिक्षक संघटनेचं सदस्यत्व घ्या. एनईयू आणि एनएएसयूडब्ल्यूटी या दोन मोठ्या आहेत. कधी कुणी तुमच्याबद्दल तक्रार केलीच तर शेजारी बसायला अनुभवी माणूस हवा.

याच्याच शेजारची एक घरगुती गोष्ट: शेंगदाणे. तिथल्या बऱ्याच शाळा नट-फ्री असतात, कारण काही मुलांना शेंगदाण्याचा अंशही जिवावर बेतू शकतो. आपल्या डब्यात दाण्याचं कूट कुठे कुठे असतं ते मोजायला बसा: काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, मेथीची पातळ भाजी. संकष्टीला खिचडीचा डबा घेऊन स्टाफरूममध्ये गेलात आणि त्याच हातांनी वर्गात वह्या वाटल्यात तर ते खरोखर धोक्याचं आहे. शाळेचा नियम आधी विचारा, आणि शाळेच्या डब्यात कुटाऐवजी खोबरं वापरायची सवय लावा. दिवाळीचा फराळ सहकाऱ्यांना जरूर द्या, पण प्रत्येक पदार्थात काय आहे ते चिठ्ठीवर लिहून. चिवड्यातले दाणे आणि काजू काढलेले बरे.

सहकाऱ्यांबद्दल थोडक्यात. आपल्याकडे मुख्याध्यापिका तासाला येऊन बसल्या की काहीतरी बिघडलंय असं समजतात. तिथे तुमच्या वर्गाचं दार कधीही उघडतं, कोणीतरी दहा मिनिटं मागे उभं राहतं, वह्या चाळतं आणि निघून जातं. तो रोजच्या कामाचा भाग आहे. नंतर मिळणारा अभिप्राय इतक्या मवाळ शब्दांत असतो की पुणेरी स्पष्टपणाची सवय असलेल्या कानांना तो कौतुकच वाटतो. ‘पुढच्या वेळी असं करून बघता येईल का’ असं कोणी म्हणालं तर ते पुढच्या वेळी दिसायलाच हवं, असं समजा. आणि मान डोलावण्याची आपली सवय: हो, नाही आणि ऐकतेय या तिन्हींसाठी आपण एकसारखी डोलावतो. तिथे मुलंही गोंधळतात आणि सहकारीही. हो असेल तर तोंडाने हो म्हणा.

आता नोव्हेंबर. सप्टेंबर-ऑक्टोबर नवेपणाच्या जोरावर निघून जातात. मग ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर हाफ-टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी लागते, शरीर सैल पडतं, आणि त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, घड्याळं तासभर मागे जातात. डिसेंबरमध्ये लंडनला सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. तुम्ही अंधारात शाळेत जाता आणि अंधारात परतता. पुण्यात सर्वांत लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो, त्यामुळे आपल्या शरीराला हे माहीतच नसतं. वर दिवाळी बहुधा याच दिवसांत येते, तीही कामाच्या दिवशी, आणि इकडे सगळे एकत्र जमून फोटो पाठवत असतात. माणसाला वाटतं की आपलाच काहीतरी दोष आहे, पण यात थकवा, अंधार आणि विरह एकावर एक साचलेले असतात.

यावर उपाय आहेत आणि ते आधी ठरवून ठेवायचे असतात. तिथली सरकारी आरोग्यसेवा सर्वांना थंडीच्या दिवसांत रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा सल्ला देते, आणि दक्षिण आशियाई त्वचेच्या लोकांना तर वर्षभर. पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जीपी, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरांकडे, नाव नोंदवा. आजारी पडल्यावर धावाधाव करू नका. दुपारच्या सुट्टीत दहा मिनिटं तरी मैदानावर उजेडात चाला, पाऊस असला तरी. नरक चतुर्दशीला पहाटे उठून अभ्यंगस्नान करून, उटणं लावून मग शाळेत जा. सुट्टी नाही म्हणून सण सोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल किंवा रविवारी दुपारपासूनच छातीत धडधडायला लागत असेल तर जीपीला तसं स्पष्ट सांगा. एज्युकेशन सपोर्ट नावाची संस्था खास शिक्षणक्षेत्रातल्या लोकांसाठी चोवीस तास मोफत हेल्पलाइन चालवते. तिचा नंबर फोनमध्ये आधीच ठेवा. रडून मोकळं होण्यासाठीसुद्धा तिथे फोन करता येतो.

घरच्या फोनचं वेळापत्रकही ठरवून जा. हिवाळ्यात पुणे साडेपाच तास पुढे असतं. तुम्ही चारला शाळेतून सुटाल तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ, मुलगी झोपायला आलेली. पहिल्या महिन्यात रोज दोन-दोन तास व्हिडिओ कॉल करणाऱ्या शिक्षकांचं मन पुण्यातच राहतं आणि तिथे कुणाशी ओळख होत नाही. रोज पंधरा मिनिटं मुलीशी आणि रविवारी निवांत, एवढं पुरे. आईला हे आत्ताच समजावून सांगा म्हणजे तिला तुटक वाटणार नाही.

पैशाची विवंचना या सगळ्यात तेल ओतते. पहिला पगार साधारण सप्टेंबरच्या शेवटी हातात येतो. घर घेताना एक महिन्याचं भाडं आणि कायद्याने जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट बहुधा आगाऊ द्यावं लागतं. तीन महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर निघायची घाई करू नका.

काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, असंही तुम्ही विचारलंय. मला इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकता शिकता संस्कृत शिकवलं. धर्म बदलला, भाषा शिकल्या, पण शाकाहार सोडला नाही आणि पटलं नाही तिथे वडीलधाऱ्यांशीही वाद घातला. शिकवण्याची पद्धत, शिस्तीची रीत, मुलांशी वागणं याबाबतीत तिथलं सगळं घ्या, कारण ती मुलं तिथली आहेत. जेवण, देवपूजा, कुंकू, साडी यातलं तुम्हाला जे प्रिय आहे ते निःसंकोच ठेवा. त्यावर कुणी कुतूहलाने विचारलं तर सांगा. आणि गणितावरची तुमची हुकमत, तोंडी हिशेबाची सफाई, एकेक पायरी नीट लिहिण्याची शिस्त, ही तर तिथल्या मुलांना हवीच आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, इतर शहरांतही मराठी मंडळी भेटतील. गणपतीला जरूर जा. पण शुक्रवारी सहकाऱ्यांनी चहाला बोलावलं तर तेही टाळू नका.

तुमच्या मैत्रिणीला आखातात जायचंय असं लिहिलंय, तिचं थोडं वेगळं आहे. तिथल्या सीबीएसई शाळांत मुलं भारतीयच असतात, त्यामुळे वर्गातला धक्का कमी. करार, कामाचे तास आणि स्थानिक कायदे मात्र बारकाईने वाचावे लागतात. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असतो, शारजात शुक्रवारही सुट्टीचा. जपानला जाणाऱ्यांना मी वर्गात शिरण्याआधी चपला बदलण्यापासून मुलांबरोबर शाळा झाडण्यापर्यंत सगळं शिकवते. देश बदलला की तयारी बदलते.

निघायच्या आधीच्या आठवड्यांत अजून दोन कामं करा. तुमच्या शहराचं बीबीसीचं स्थानिक रेडिओ केंद्र स्वयंपाक करताना लावून ठेवा. मुलं बातम्यांतलं इंग्रजी बोलत नाहीत, तिथल्या बोलीचे हेल कानावरून जायला हवेत. पुण्यातल्या केंब्रिज बोर्डाच्या एखाद्या शाळेत परवानगी काढून दोन-तीन तास बघता आले तर बघा, तास कसा बांधतात ते कळेल. मुलांचं वागणं मात्र आपल्याचसारखं असेल, त्यावरून अंदाज बांधू नका. आणि शाळेतल्या विभागप्रमुखांना ईमेल करून तीन गोष्टी मागवा: तुमचं वेळापत्रक, पहिल्या सत्रात शिकवायचे घटक, आणि ज्या मुलांना खास मदतीची गरज आहे त्यांच्यासाठी शाळा काय करते याची माहिती. असं विचारलेलं तिथे कुणालाही आगाऊपणा वाटत नाही.

राहिला घरच्यांचा प्रश्न. माझं मत, तुम्ही आधी एकट्या जा आणि यजमान व मुलगी डिसेंबरच्या सुट्टीत येऊ देत. पहिलं सत्र तुम्ही शाळेत तरी असाल, नाहीतर दमून झोपलेल्या. त्या काळात अनोळखी गावात ती दोघंच घरात बसून राहतील आणि त्यांचा भार तुमच्या मनावर येईल. ख्रिसमसला तुम्हाला दोन आठवडे मोकळे मिळतात. तोवर कुठल्या भागात राहायचं हे तुम्हाला कळलेलं असतं, घर लागलेलं असतं. मुलीला तिच्या वयाप्रमाणे इयर थ्रीमध्ये प्रवेश मिळेल. सरकारी शाळेत फी नाही, आणि वर्षाच्या मधल्या प्रवेशासाठी अर्ज स्थानिक कौन्सिलकडे किंवा थेट शाळेकडे करायचा असतो. घराचा पत्ता पक्का झाला की लगेच तो भरा, म्हणजे जानेवारीत शाळा उघडताना तिची जागा ठरलेली असेल. मात्र मुलगी तुमच्याशिवाय चार महिने राहूच शकत नाही असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर सगळे बरोबरच जा, आणि यजमानांनी पहिले तीन महिने नोकरी न शोधता घर सांभाळायचं हे निघण्याआधी दोघांनी बसून ठरवा.